बोरन्हाणासाठी घरी केलेले हलव्याचे दागिने: माझे सात आठवडे

भाच्याच्या बारशाला मला जाता आलं नाही. एप्रिलमध्ये त्याच आठवड्यात सासूबाईंचं ऑपरेशन ठरलं होतं, त्यामुळे नाव ठेवण्याचा आत्याचा मान मी नाशिकहून फोनवरून बजावला. बाळ बंगळुरूला पाळण्यात आणि माझं ‘कुर्रर्र’ मोबाइलच्या स्पीकरवर. ते मनाला फार लागून राहिलं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी भावाचा फोन आला, की संक्रांतीच्या दिवशी ऑफिस असल्यामुळे बोरन्हाण रथसप्तमीला करणार, २५ जानेवारीला, रविवार आहे. फोन ठेवायच्या आत मी बोलून गेले, “दागिने मी पाठवते. विकत आणू नका. घरी करते.”

तोपर्यंत मी हलवा फक्त वाटीतून खाल्ला होता. नंतर शोधाशोध केली तेव्हा दागिने कसे गुंफायचे ते बऱ्याच ठिकाणी सापडलं, पण त्यात हलवा बाजारचाच असायचा. मुळात त्या साखरेला काटे कसे आणायचे, त्यात काय काय बिघडतं, हे नीट कुठे मिळेना. म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे.

७ डिसेंबर, रविवार. पहिला प्रयत्न. एक वाटी पांढरे तीळ, दोन वाट्या साखरेचा एकतारी पाक, नॉनस्टिक कढई आणि मध्यम गॅस. चार-पाच चमचे पाक घातल्यावर तिळांचे गोळे झाले. ते फोडले तर साखर सुटून पिठी झाली आणि तीळ होते तसे बोडके राहिले. तासाभराने कढईत खाली पिवळसर साखर आणि वर करपट वास. अर्धा किलो साखर आणि तीळ गेले. त्या रात्री खरंच रडू आलं. साखरेचं काही नव्हतं, पण शब्द देऊन बसले होते.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. लग्नानंतर पंधरा-वीस वर्षं त्या दर संक्रांतीला हलवा करायच्या, हे मला त्यांच्या सुनेकडून कळलं. शनिवारी, १३ तारखेला त्यांच्याकडे गेले आणि काय काय केलं ते सांगितलं. त्यांनी पहिलंच विचारलं, “तीळ किती घेतलेस?”

“वाटीभर.”

“अगं, वाटीभर तिळाचा हलवा करायला चार बायका लागतील. दोन चमचे घे. चहाचे.”

“दोनच?”

“साखर चढू दे, मग बघ परात कशी भरते ती.”

माझी मूळ चूक ही होती. तिळाचा दाणा एवढासा, वाटीत ते हजारोंनी असतात. चमचाभर पाक सगळ्यांना पुरत नाही, म्हणून आपण जास्त घालतो आणि गोळे होतात. दोन चमचे तिळांत माझा तीन पदरी हार, मुकुट आणि बाजूबंद होऊनही हलवा उरला.

काकूंनी त्यांची जुनी पितळी परात दिली, कल्हई केलेली, जड बुडाची. पूर्वी त्या निखाऱ्याच्या शेगडीवर करायच्या. आता त्यांनी मला युक्ती सांगितली ती गॅसवर जाड लोखंडी तवा ठेवून त्यावर परात ठेवण्याची, आणि गॅस इतका बारीक की बोट परातीला टेकवून पाच आकडे मोजता आले पाहिजेत. नॉनस्टिकमध्ये दाणे नुसते घसरतात, त्यांना लोळायला थोडा खरखरीतपणा लागतो.

पाक असा केला: एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी. उकळी आली की दोन चमचे दूध. त्याने साखरेतली मळी वर येते, ती काढून टाकायची आणि पाक मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यायचा. मग परत थोडा आटवायचा. दोन बोटांत धरला तर चिकट लागला पाहिजे, तार धरेल-न धरेल असा. पूर्ण एकतारी झाला की दाण्यावर बसण्याआधीच सुकतो आणि त्याची पिठी होते. पातळ राहिला तर आधी आलेले काटे विरघळवून टाकतो. या दोन्हींच्या मधली जागा डोळ्यांना दिसत नाही, ती बोटांनाच कळते, आणि मला कळायला तीन रात्री लागल्या.

नोकरी असल्यामुळे माझी वेळ रात्री साडेनऊ ते साडेअकरा. १४ डिसेंबरपासून सलग पाच रात्री तीळ केले. आधी तीळ कोरडे होईपर्यंत जरासे शेकून घेतले. मग अर्धा चमचा पाक घालायचा, बोटांच्या टोकांनी दाणे गोल गोल फिरवत राहायचं, सगळे सुटे आणि कोरडे झाले, परातीत खडखड वाजायला लागले की पुढचा अर्धा चमचा. मी दाणे ओरबाडल्यासारखे ओढत होते, तेव्हा काकूंनी मनगट धरलं. “मोडशील काटे. फिरव. पोळीला तूप लावतेस तसं.” त्यानंतर हात सैल झाला. अर्ध्या तासाने परातीच्या तळाशी साखरेचा थर धरतो. तेव्हा दाणे काढून घ्यायचे, परात ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून पुन्हा सुरू. दाणे चाळणीतून चाळून घ्यायचे. खाली पडलेली पिठी वाया जात नाही, ती दुसऱ्या दिवशीच्या पाकात जाते.

पहिल्या रात्री काहीच दिसलं नाही. तीळ नुसते पांढुरके झाले. दुसऱ्या रात्री गोल, गुळगुळीत, ज्वारीच्या कण्यांएवढे. तिसऱ्या रात्री, मंगळवारी, पावणेअकराच्या सुमाराला ट्यूबलाइटखाली परात तिरकी केली आणि दाण्यांच्या कडा वेगळ्या दिसल्या. एक दाणा तळहातावर घेतला. त्याच्या अंगावर सात-आठ बारीक टोकं आली होती, इतकी बारीक की बोट फिरवलं तर मांजराच्या जिभेसारखी खरखर लागत होती. मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं.

रात्री उरकल्यावर परात मलमल झाकून खोलीच्या गार कोपऱ्यात ठेवायची. हलव्याला थंड आणि कोरडी हवा लागते, डिसेंबर-जानेवारीचा नाशिकचा गारठा त्याच्यासाठीच केल्यासारखा. मुंबई-कोकणाकडच्या दमट हवेत काटा लवकर येत नाही, तिकडे करणाऱ्यांनी दोन-तीन दिवस जास्त धरावेत. माझ्याकडून चौथ्या दिवशी वेगळीच चूक झाली. सकाळी घाईत परात ओट्यावरच राहिली आणि शेजारी कुकर लावला. तीन शिट्ट्यांच्या वाफेने वरच्या थरातले काटे बसले, दाणे चिकट झाले. काकू म्हणाल्या, “टाकू नकोस, पुन्हा चढव.” आणि खरंच, दोन रात्रींत त्यांच्यावर पुन्हा काटा आला, फक्त दाणे थोडे मोठे झाले. ते मी हाराच्या मधल्या पदराला वापरले. बिघडलेला हलवा सुधारतो, हे मला आधी ठाऊक असतं तर पहिल्या रविवारी तो डबा कचऱ्यात गेला नसता.

२० ते २५ डिसेंबर साबुदाणा, तीन चमचे, आधी हलका भाजून. तो मोठा असल्यामुळे पटापट वाढतो आणि मोत्यासारखा गोल राहतो. नाताळची सुट्टी असल्यामुळे एक दिवस दुपारीही बसता आलं. मग २७ ते १ जानेवारी लवंगा, साठ नग. लवंग परातीत लोळत नाही, एका बाजूवर पडून राहते, म्हणून ती एकेक उलटावी लागते. कंटाळा येतो, पण लोंबत्या टोकांना लवंगेच्या हलव्यासारखं काही नाही. आणि एक: पाकात रंग घातला नाही. बाजारात गुलाबी, केशरी हलवा मिळतो, पण काळ्या मखमलीवर पांढराशुभ्र हलवाच मला आवडतो.

या सगळ्या दिवसांत मुंग्यांचा बंदोबस्त एकच, पसरट ताटात पाणी आणि त्यात उलट्या वाटीवर हलव्याचा डबा, घट्ट झाकणाचा. उघडी परात पाण्याजवळ ठेवू नका, दमटपणा धरते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मापं. भावजयीला सांगितलं, टेप नको, दोरा गुंडाळ आणि तो दोरा पट्टीवर मोज. बाळ हलत असतं, टेप सरकतो. डोकं ४५ सेंटिमीटर, मनगट १२, कंबर ४४. पहिला मुकुट मी बरोबर ४५चा कापला आणि चूक केली. आतून अस्तर आणि टोपडं धरलं तर तो घट्टच होणार होता. मग मुकुट फक्त पुढच्या बाजूला ठेवला आणि मागे बांधायला सॅटिनच्या रिबिनी लावल्या. सगळ्याच दागिन्यांना रिबिनी. दहा महिन्यांच्या मुलाला काहीही डोक्यावरून घालायला जाऊ नका, बांधता आणि चटकन सोडता आलं पाहिजे.

करायचं काय काय ते ठरवलं: मुकुट, तीन पदरी हार, दोन बाजूबंद, दोन मनगट्या, कंबरपट्टा आणि बासरी. पायातले वाळे वगळले, तो रांगतो, गुडघ्याखाली काहीच टिकलं नसतं.

पुठ्ठा मिठाईच्या खोक्याचा, त्यावर काळी मखमल, कडेला जरीची लेस. मखमलीवर हलवा चिकटवायला मी आधी मैद्याची खळ केली, कारण बाळ तोंडात घालणार, डिंक नको. पण खळीतल्या पाण्याने हलव्याचा खालचा भाग विरघळला आणि मखमलीवर पांढरे डाग पडले. तो एक बाजूबंद गेला. पुन्हा काकूंकडे. त्यांनी रीळ मागितलं आणि दोऱ्याने दाणा कसा बांधतात ते दाखवलं. ही गोष्ट मी आयुष्यात विसरणार नाही.

हलव्याला भोक पाडायचं नाही, सुई घातली की दाणा फुटतो. पांढऱ्या दोऱ्याला सैल फास करायचा, फासात दाणा ठेवायचा आणि हळूच ओढायचं. दोरा दाण्याच्या पोटाभोवती फिरतो आणि दोन काट्यांच्या मधल्या खाचेत जाऊन बसतो. गुळगुळीत गोळी असती तर दोरा सटकला असता. काट्यांमुळेच गाठ धरते. मग लगेच पुढचा फास, पुढचा दाणा, दाण्याला दाणा लागून. इतकी वर्षं मला वाटायचं काटे फक्त शोभेचे असतात.

पहिल्या संध्याकाळी दोन तासांत जेमतेम चाळीस दाणे बांधले, त्यातले सहा फुटले. आठवड्याने तेवढ्याच वेळात दोनशे. हाराच्या तीन पदरांना मिळून २७० दाणे लागले. हात अगदी कोरडे हवेत, क्रीम लावलेलं नको, तळहाताला घाम येत असेल तर मांडीवर सुती पंचा. बांधलेल्या माळा मग मखमलीवर बारीक टाक्यांनी शिवल्या. डिंक कुठेच लागला नाही. बासरीला गिफ्ट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घेतली, तिच्याभोवती माळ गुंडाळत नेली आणि दोन्ही टोकांना लवंगेच्या हलव्याचे झुपके.

संक्रांतीला, १४ तारखेला बुधवारी, घरचा तिळगूळ उरकला. दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या मतदानाची सुट्टी होती, सकाळी मतदान करून आल्यावर संध्याकाळपर्यंत बसून कंबरपट्टा संपवला.

मग पार्सल. हा भाग मी सोपा धरला होता. १६ तारखेला एका खासगी कुरियरकडे गेले, त्यांनी खाद्यपदार्थ आणि तोही फुटणारा म्हणून नको सांगितलं. १७ला शनिवारी अर्धा दिवस रजा काढून पोस्टात गेले. खोकं घरूनच चारी बाजूंनी टेप लावून नेलं होतं. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं आत काय आहे, मी सांगितलं, “दागिने.” त्या थांबल्याच. दागिने म्हणजे मौल्यवान वस्तू, त्यांचा विमा वगैरे वेगळं प्रकरण. साखरेचे आहेत म्हटल्यावर त्यांनी उघडून दाखवायला सांगितलं. टेप कापली, डबा काढला, त्यांनी पाहिलं आणि शेजारच्या खिडकीवरच्या बाईंनाही बोलावून दाखवलं. कोऱ्या कागदावर आत काय आहे ते लिहून सही केली: ‘साखरेचा हलवा व कापडी हस्तकला, भेटवस्तू’. पुन्हा टेप लावायला कात्री-टेप माझ्याजवळ नव्हती, समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणली, तोवर रांगेत मागे वीस मिनिटं. तेव्हा खोकं उघडं न्या, टेप बरोबर न्या आणि दागिने हा शब्द वापरू नका. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोन्ही पत्ते पिनकोड आणि मोबाइल नंबरासकट लिहा. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच मिसळलं आहे, त्यामुळे निवडायचा प्रश्न नव्हता. वजन १ किलो ३४० ग्रॅम, १८० रुपये.

आतली बांधणी सांगते, कारण सगळं त्यावरच होतं. प्रत्येक दागिना जाड पुठ्ठ्यावर तीन-चार ठिकाणी दोऱ्याने टाचला, म्हणजे हलत नाही. मधे बटर पेपर. डब्यात एका कोपऱ्यात कोऱ्या तांदळाची मलमलमध्ये बांधलेली पुरचुंडी, दमटपणा ओढून घ्यायला. झाकणाच्या कडेने टेप. डबा खोक्यात, भोवती वर्तमानपत्राचे घट्ट बोळे. वर एका पिशवीत पन्नासेक सुटे दाणे आणि रीळ ठेवलं, काही तुटलं तर भावजयीला लावता यावं म्हणून.

पावतीवर तेरा अक्षरी नंबर असतो, त्यावरून पार्सल कुठे आहे ते बघता येतं. तो मी किती वेळा बघितला ते सांगण्यात अर्थ नाही. रविवारी काही हललं नाही, सोमवारीही नाही. मंगळवारी रात्री बंगळुरू आलं, बुधवारी दुपारी ‘दार बंद’ अशी नोंद. भावजय घरातच होती! तिने लगेच सोसायटीच्या गेटवर विचारलं, पोस्टमन अजून खालीच होते, पार्सल हातात मिळालं. तिने व्हिडिओ कॉलवरच डबा उघडला. मी श्वास रोखून बघत होते. बासरीचे तीन दाणे आणि मुकुटाची एक लवंग निखळली होती, बाकी जसंच्या तसं. “ताई, हे खरंच साखरेचं आहे?” तिने विचारलं आणि जिभेला लावून बघितलं.

खर्चही लिहिते. साखर दोन किलो ९० रुपये, तीळ २५, लवंग ३५, मखमल ९०, दोन प्रकारच्या लेस आणि रिबिनी १२०, दोरा ३०, डबा १४० आणि पोस्ट १८०. एकूण ७१० रुपये, साबुदाणा घरातला. तयार सेट माझ्या इथे बाजारात यापेक्षा कमीत मिळत होता, तेव्हा पैसे वाचवायला हा उद्योग करू नये. वेळ नसेल तर हलवा विकतचा आणून फक्त बांधणी घरी केली तरी छान होतं, मात्र दुकानात दाणा बोटाने चाचपून काटेरी असेल तोच घ्यावा, नाहीतर गाठ सटकते. आणि सगळं स्वतः करायचं असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात हवीच.

२५ तारखेला संध्याकाळी पाच वाजता बोरन्हाण झालं. भावजयीला मी आधीच सांगितलं होतं, की डोक्यावरून ओतायला बोरं, हरभरे, शेंगदाणे नकोत. एवढ्या लहान मुलाच्या घशात काहीही अडकू शकतं. चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या पुरे, बोरं आणि उसाचे करवे मोठ्या मुलांना हातात द्यावेत. दागिनेही दहा मिनिटंच घालायचे, कुणीतरी सतत जवळ बसून, आणि फोटो झाले की काढून ठेवायचे. तसंच केलं. बाळाने मुकुट दोन मिनिटं सहन केला, कंबरपट्ट्याकडे बघितलंही नाही, बासरी मात्र दोन्ही हातांनी धरून थेट तोंडात. शेजारच्या कन्नड आजी आल्या होत्या. त्यांच्याकडेही संक्रांतीला लहान मुलांच्या डोक्यावरून बोरं आणि उसाचे तुकडे ओततात, त्यामुळे त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी एळ्ळु-बेल्ल, म्हणजे त्यांच्याकडचा तीळ-गूळ, आणि साखरेचे साच्यातले पक्षी आणले होते, आणि हार हातात घेऊन बराच वेळ त्या दोरा कुठून कुठे गेलाय ते शोधत होत्या.

सोमवारी सुट्टी होती. परात चिंचेने घासून लख्ख केली आणि काकूंना परत द्यायला गेले. सोबत उरलेला हलवा आणि मोबाइलमध्ये व्हिडिओ. त्यांनी चष्मा लावून तो तीनदा पाहिला. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “डावा बाजूबंद उलटा बांधलाय बघ. लवंगा खाली हव्यात.” आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला.